राखेचा बुधवार आणि पॅरिशचे प्रायश्चित्त

व्रताचा कर्ता कोण, एकटा मनुष्य की सारा गाव, हा प्रश्न आपणास अपरिचित नाही. एकादशी ज्याची त्याने करावयाची. परंतु अवर्षणात महादेवाची पिंडी पाण्यात बुडवावयाची ती साऱ्या गावाने. ख्रिस्ती धर्मातील लेंट या उपवासकाळाचा इतिहास पाहू लागले म्हणजे हाच प्रश्न वेगळ्या वेषात समोर येतो. वसई व गोवा येथील कॅथॉलिक समाजामुळे या व्रताची ओळख आपल्याकडे आहेच. येथे विचार करावयाचा आहे तो एपिस्कोपल पंथाचा, म्हणजे इंग्लंडच्या चर्चपासून निघून अमेरिकेत स्वतंत्र झालेल्या, बिशपांच्या अनुशासनाखालील शाखेचा; आणि त्यातही पॅरिशचा, म्हणजे एका चर्चभोवती नांदणाऱ्या मंडळीचा.

राखेच्या बुधवारापासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस दिवस होतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस असल्याने तो उपवासात धरीत नाहीत; म्हणून उरतात ते चाळीस. प्राचीन चर्चमध्ये या दिवसांचे काम मोठे सामाजिक होते. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी या काळात होई, आणि उघड पातकामुळे मंडळीबाहेर पडलेल्यांना प्रायश्चित्तानंतर पुन्हा आत घेतले जाई. पुढे मध्ययुगात साऱ्यांनीच कपाळी राख लावून घेण्याची प्रथा रूढ झाली. बहिष्कृताची खूण सर्वांनी धारण करावी, यात मला मोठा अर्थ दिसतो.

इंग्लंडमध्ये धर्मसुधारणेची लाट आली आणि १५४८ साली सहाव्या एडवर्डच्या मंत्रिमंडळाने मेणबत्त्या व झावळ्या यांच्याबरोबर ही राखही बंद केली. १५४९ च्या प्रार्थनापुस्तकात राखेच्या बुधवारचे नाव राहिले, राख गेली. तिच्या जागी आली एक विलक्षण उपासना. प्राचीन काळचे उघड प्रायश्चित्त आता उरले नाही याबद्दल प्रारंभीच खेद व्यक्त करून, ते पुन्हा सुरू होईतो निदान पातक्यांवरील शाप तरी मोठ्याने वाचावे, अशी तीत योजना होती. शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकविणारा शापित असो. परका, पोरका आणि विधवा यांचा न्याय बिघडविणारा शापित असो. आणि प्रत्येक शापास मंडळीने 'आमेन' म्हणावयाचे. बांध कोरण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालविणाऱ्या आपल्या गावांना हा पहिला शाप समजावून सांगण्याची गरज पडू नये! यातील पाप हे मनातल्या मनात झुरण्याचे नसून शेजाऱ्याशी केलेल्या व्यवहारातले आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

राज्यसत्तेने मात्र उपवासातून निराळाच लाभ पाहिला. लेंटमध्ये मांस वर्ज्य करणारा कायदा एडवर्डच्याच कारकीर्दीत झाला, आणि त्याच्या कारणांत कोळ्यांचा धंदा व गुरांची बचत यांचा उल्लेख होता. एलिझाबेथच्या राज्यात १५६३ साली सेसिल या प्रधानाने बुधवार हा आणखी एक मासे खाण्याचा दिवस वाढविला. हेतू एवढाच, की कोळी टिकले तर आरमाराला खलाशी मिळतील. गंमत अशी की, हा नियम आत्म्याच्या तारणासाठी आहे असे कोणी सांगितल्यास खोटी बातमी पसरविणारा म्हणून त्यास शिक्षा करावी, असे त्याच कायद्यात लिहिले होते. व्रत राहिले, देव निघून गेला, असा हा प्रकार.

अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तेथील एपिस्कोपल चर्चने १७८९ साली फिलाडेल्फियात आपले प्रार्थनापुस्तक सिद्ध केले. त्यातून शापांची उपासना वगळण्यात आली. तिच्यातील काही प्रार्थना तेवढ्या राखेच्या बुधवारासाठी ठेवल्या. नव्या लोकसत्तेच्या सुशिक्षित नागरिकांना शाप कठोर वाटले असतील तर नवल नाही. पण शापांबरोबर शेताची खूण आणि पोरक्याचा न्यायही गेला. त्यानंतरच्या शतकात लेंट हा पुष्कळसा आत्मपरीक्षणाचा आणि संयमाचा काळ झाला. वेदीवर जांभळे वस्त्र, आठवड्याच्या मधल्या दिवशी प्रार्थना, मुलांनी पै-पैसा साठविण्याच्या लहान पेट्या, आदल्या मंगळवारी घरातले लोणी-अंडी संपविण्यासाठी केलेली धिरडी, असे पॅरिशचे हे सौम्य आणि प्रेमळ जीवन होते. १८९० साली फिलिप्स ब्रूक्स यांनी न्यूयॉर्कच्या ट्रिनिटी चर्चमध्ये भर दुपारी व्यापारी मंडळींसाठी लेंटची प्रवचने केली. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरी कॅल्व्हरी चर्चमध्ये १९२० नंतरच्या दशकात अशीच प्रवचने सुरू झाली, आणि त्यांच्या जोडीला पॅरिशच्या स्त्रियांनी चालविलेली खाणावळही. अशा पंक्तीत माणसे जवळ येतात, हे खरेच. परंतु त्या काळच्या मेम्फिसमध्ये कोणत्या पंक्तीला कोणी बसावे हे कातडीच्या रंगावरून ठरत असे.

याच मेम्फिसमध्ये १९६८ साली एक वेगळा लेंट आला. १ फेब्रुवारीस पावसाच्या आडोशाला कचरागाडीत शिरलेले दोन कृष्णवर्णी सफाई कामगार तिच्या यंत्रात चिरडून ठार झाले. १२ फेब्रुवारीस सुमारे तेराशे कामगारांनी संप पुकारला. राखेचा बुधवार होता २८ फेब्रुवारीस. त्या उपवासकाळात 'मी माणूस आहे' असे फलक घेऊन कामगार रस्त्याने चालत राहिले, आणि महापौर हेन्री लोब यांनी त्यांची संघटना मान्य करण्याचे नाकारले. ४ एप्रिल रोजी, झावळ्यांच्या रविवारास तीन दिवस असताना, मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, शहरातील गोरे-काळे धर्मगुरू सेंट मेरीज या एपिस्कोपल कॅथीड्रलमध्ये जमले. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत सिस्टर कॉन्स्टन्स आणि त्यांच्या सहकारिणी शहर न सोडता रोग्यांची शुश्रूषा करीत मरण पावल्या, त्या परंपरेचे हे स्थान. तेथील डीन विल्यम डिमिक यांनी मिरवणुकीचा क्रूस उचलला आणि धर्मगुरूंच्या अग्रभागी तो धरून ते नगरभवनाकडे चालू लागले. लेंटमध्ये क्रूस वस्त्राने झाकून ठेवण्याची चाल अनेक चर्चमध्ये आहे. येथे तो रस्त्यावर आला. नगरभवनात यहुदी धर्मगुरू जेम्स वॅक्स यांनी महापौरांना तोंडावर सुनावले, की शहराच्या कायद्याहून श्रेष्ठ असेही कायदे असतात. १५४९ च्या पुस्तकाने जे शाप वेदीपुढे वाचावयास सांगितले होते, त्यांचाच हा नवा उच्चार होता असे मला वाटते. १४ एप्रिलला ईस्टर झाला. १६ तारखेस नगरपालिकेने संघटना मान्य केली, वेतनवाढ कबूल केली आणि संप मिटला.

अकरा वर्षांनी, १९७९ च्या अमेरिकन प्रार्थनापुस्तकात, कपाळीच्या राखेला पुन्हा स्थान मिळाले. सक्ती नाही, इच्छा असेल त्याने लावावी. त्या दिवशीच्या उपासनेत पाळक प्रथम मंडळीला प्राचीन लेंटची आठवण देतो: बाप्तिस्म्याची तयारी कशी होई, दुरावलेल्यांना परत कसे घेतले जाई. नंतर सारे मिळून एक दीर्घ कबुली म्हणतात. तीत गर्व आणि ढोंग आहेच. पण इतरांची पिळवणूक, दुसऱ्याच्या दुःखाकडे केलेली डोळेझाक, अन्यायाविषयीची बेपर्वाई, आपल्याहून वेगळ्या माणसांविषयीचा तिरस्कार, आणि सृष्टीची नासाडीही आहे. ही कबुली 'मी' अशी नाही, 'आम्ही' अशी आहे. आणि ती देवापाशी तशीच शेजारी उभ्या असलेल्या माणसापाशीही द्यावयाची असते.