कलकत्ता ते आगरतळा

कलकत्त्याचा दमदम विमानतळ आणि त्रिपुराची राजधानी आगरतळा येथील विमानतळ यांच्यामध्ये नकाशावर पट्टी ठेवली, तर अंतर भरते सुमारे ३१७ किलोमीटर. आकाशमार्गाने मुंबईहून कोल्हापूर जवळजवळ एवढेच दूर आहे. आजचे विमान तासाभरात हा पल्ला संपविते. परंतु हाच प्रवास जमिनीवरून आणि आपल्याच देशाच्या हद्दीत राहून करावयाचा, तर आगगाडीला १,५०० किलोमीटरहून अधिक धावावे लागते. कोल्हापूरला निघालेल्या मुंबईकराला दिल्लीच्या वाटेहूनही लांब वाट पडावी, तसाच हा प्रकार.

१९४७ पूर्वी असे नव्हते. त्रिपुरा संस्थानात लोहमार्ग नसला, तरी आगरतळ्याच्या पश्चिमेस अवघ्या काही किलोमीटरांवर आसाम-बंगाल रेल्वेचे अखौरा जंक्शन होते. तेथून गाडीने चांदपूर, चांदपुराहून आगबोटीने पद्मेच्या काठचे गोआलंद, आणि तेथून पुन्हा गाडीने सियालदा, असा तो रुळलेला मार्ग होता. फाळणीची रेषा आखली गेली आणि अखौरा, चांदपूर, गोआलंद ही तिन्ही ठिकाणे एका दिवसात परराज्यात गेली. त्रिपुरा तीन बाजूंनी वेढला गेला. आता कलकत्त्यास जावयाचे, तर आधी उलट दिशेने आसामात शिरावयाचे आणि मग सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून खाली उतरावयाचे. त्या पट्ट्यातही सलग रेल्वे नव्हती. आसामला जोडणारा २२९ किलोमीटरांचा नवा मार्ग जानेवारी १९५० मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्रिपुरात रूळ आला १९६४ साली, तोही उत्तर टोकाच्या धर्मनगरापर्यंत. राजधानीपर्यंत पोचावयास २००८ साल उजाडले!

मधल्या काळात आगरतळ्याला तारले ते एका धावपट्टीने. महाराज वीरविक्रमकिशोर माणिक्य यांच्या कारकिर्दीत, १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत ती तयार झाली. ब्रह्मदेशातील सैन्याला रसद पुरविणारी अमेरिकन विमाने तेथून उडत. महाराज १७ मे १९४७ रोजी निवर्तले. आपली धावपट्टी पुढे राज्याचे महाद्वार होणार, हे त्यांना दिसले नाही. युद्ध संपल्यावर उरलेली डाकोटा विमाने मुलकी वाहतुकीस आली. ताशी अडीचशे किलोमीटरांच्या वेगाने त्यांना कलकत्ता सव्वा तासाच्या अंतरावर पडे. वाट अर्थातच पूर्व पाकिस्तानावरून. ज्या मेघना-पद्मा पूर्वी आगबोटीने ओलांडल्या, त्याच आता खिडकीतून खाली दिसत. त्यांच्या काठी घरदार सोडून आलेल्या निर्वासिताला ते दृश्य कसे वाटत असेल, याची कल्पनाच करावी.

विमानाने जग जवळ आणले, असे आपण सहज बोलून जातो. येथे त्याने पूर्वीचे अंतर तेवढे राखले, आणि तेही तिकीट परवडणाऱ्यांपुरते. परीक्षेला निघालेला गरीब विद्यार्थी किंवा मोठ्या इस्पितळाची गरज असलेला शेतकरी यांच्यासाठी कलकत्ता खरोखरच पाचपट दूर गेले होते.

पुढे बांगलादेश झाला, तरी जुनी वाट लगेच मोकळी झाली नाही. ढाक्यावरून जाणारी कलकत्ता-आगरतळा बस २०१५ साली निघाली. तिचा प्रवास सुमारे ५०० किलोमीटरांचा. आगरतळा आणि अखौरा यांना जोडणाऱ्या लोहमार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ रोजी झाले. त्याची लांबी सव्वाबारा किलोमीटर. त्यांतले साडेपाच किलोमीटर भारतात आहेत.