हुंडीची वाट

परमुलखीं बिऱ्हाड हलवावयाचें म्हणजे भांडींकुंडीं विकतां येतात, जमीन भाऊबंदांस खंडानें देतां येते. अडचण उरते ती रोकडीची. अहिल्यानगर जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीसारख्या गांवचा तरुण आज अमेरिकेस कायमचा निघाला, तर त्याची पुंजी बँकेमार्फत जाते, आणि येथील रहिवाशास बाहेर पाठवितां येणाऱ्या रकमेवर वर्षास अडीच लाख डॉलरांची साधारण मर्यादा आहे. पेशवाईंत नर्मदा ओलांडून हिंदुस्थानांत जाणें हेंहि महाराष्ट्रीयांस परदेशगमनच वाटे. नाणें निराळें, बोली निराळी आणि वाटेंत लुटारूंचें भय.

तेव्हां शहाणा मनुष्य थैल्या बरोबर नेत नसे. तो पुण्याच्या पेढीवर रोकड भरून काशीच्या आडत्यावर हुंडी घेई. रुपये जागचे हालत नसत. हाले तो कागद. दर्शनी हुंडी दाखवितांच पटे, मुदती हुंडी ठरल्या दिवशीं. ती गहाळ झाली तर पेठ लिहून मिळे, पेठहि हरवली तर परपेठ. या सोयीबद्दल सराफ जी कसर कापी, ती हुंडणावळ. मुलखांत धामधूम असली कीं ती चढे.

मात्र या व्यवहारास दोन्ही टोंकांस भरंवशाचा मनुष्य लागे. १६६६ सालीं आग्र्यास अडकलेल्या शिवाजी महाराजांनीं रामसिंगाकडून ६६,००० रुपये घेतले आणि त्यांची फेड दक्षिणेंत मिर्झाराजे जयसिंगांकडे व्हावी अशी हुंडी दिली. एका टोंकास पुत्र, दुसऱ्या टोंकास पिता! असा योग बादशाही पहाऱ्यांतहि उपयोगीं पडला.

सदाशिवरावभाऊंस तो लाभला नाहीं. १७६० च्या मार्चांत ते परतुराहून निघाले. बरोबर अफाट लष्कर आणि यात्रेकरूंचा गोतावळा. खर्चास पुण्याची रोकड पुरण्याजोगी नव्हती. उत्तरेंतील खंडणी आणि कर्ज यांवरच सारी भिस्त होती. परंतु ज्याचा जय अनिश्चित, त्याला कर्ज कोण देणार? सावकाराला येथें बोल लावणें सोपें आहे; त्यालाहि आपली पेढी सांभाळावयाची होती. ऑगस्टांत दिल्ली हातीं आली, तेव्हां दिवाण-इ-खासचें रुप्याचें छत उतरवून नाणीं पाडावीं लागलीं. त्यांचे सुमारें नऊ लाख रुपये झाले, आणि तेवढ्या फौजेस ते किती दिवस पुरणार!

ऑक्टोबरांत अबदाली बागपतास यमुना उतरला व दिल्ली आणि मराठी छावणी यांच्यामध्यें येऊन बसला. येथून पुढें कागदास अर्थच राहिला नाहीं. वेढ्यांतल्या छावणींत हुंडी पटवावी कोणीं? अंतर्वेदींतून रसद व पैका पुरविण्याची ज्यांच्यावर भिस्त, ते गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारले गेले. मग रोकडच आणणें आलें. जानेवारी १७६१ त दिल्लीहून नारो शंकरांकडील खजिना घेऊन स्वार रात्रीं निघाले. ते वाट चुकून नेमके अफगाणांच्या गोटांत शिरले आणि कापले गेले. थैल्या शत्रूच्या हातीं गेल्या. १४ जानेवारीस उपाशी फौज रणांत उतरली.

नानासाहेब पेशवे कुमक घेऊन उत्तरेकडे येत होते. पराभवाची वार्ता त्यांना प्रथम कळली ती सरदाराच्या खलित्यांतून नव्हे. एका सावकाराचा कासीद वाटेंत भेटला. त्याच्याजवळच्या पत्रांत मोत्यें, मोहरा आणि खुर्दा यांच्या नुकसानीचा हिशेब सांकेतिक भाषेंत मांडलेला होता.