जुन्या मोटारींतील गारवा

ज्यांच्या घरीं तीस-पस्तीस वर्षांची मोटार अद्याप जिवापाड जपली जाते, त्यांना वैशाखांतील एक प्रसंग परिचित असेल. बटण दाबावें, पंख्याचा आवाज यावा, आणि वारा मात्र बाहेरच्यासारखाच उष्ण लागावा! बॉनेट उघडून पाहावें, तों कॉम्प्रेसर अडकून बसलेला, आणि त्याच्या आसाभोंवतीं तेलाचा ओशट डाग. मिस्त्री दोन गोष्टी सांगतो : कॉम्प्रेसर गेला, आणि या गाडीचा मूळचा गॅस आतां तयार होत नाहीं. पहिली गोष्ट यंत्राची आहे, दुसरी इतिहासाची. परंतु दुसरी समजल्यावांचून पहिलीचा उपायहि नीट होत नाहीं. म्हणून आज त्या इतिहासाचा थोडा मागोवा घेऊं.

हें यंत्र थंडी निर्माण करीत नाहीं; तें आंतील उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतें. आपला माठहि तेंच करतो. त्याच्या अंगांतून झिरपलेलें पाणी वाफ होऊन उडून जातांना उष्णता घेऊन जातें. भेद इतकाच कीं, माठांतील पाणी उडालें तें उडालें. यंत्रांतील द्रव मात्र वायुरूप झाल्यावर पुन्हां पकडावा लागतो. त्याला दाबून, बाहेरच्या हवेवर निववून पुन्हां द्रव करावयाचें, या फेऱ्यांत दाबण्याचें काम कॉम्प्रेसरचें. त्यालाच या यंत्राचें हृदय म्हणतां येईल.

आतां या नळ्यांतून कोणता वायु खेळवावयाचा? प्रारंभींच्या शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायऑक्साइड किंवा मेथिल क्लोराइड वापरीत. तिन्ही विषारी, नळी फुटली तर घरांतील माणसांच्या जिवावर बेतावें. थॉमस मिजली या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं यावर उपाय शोधला. त्यांनीं सिद्ध केलेला वायु न जळणारा, न विषारी, कशाशींहि सहसा संयोग न पावणारा असा होता. इ. स. १९३० मध्यें शास्त्रज्ञांच्या सभेपुढें मिजलीनें तो स्वतःच्या छातींत भरून घेतला आणि हळूंच सोडून जळती मेणबत्ती विझविली. एकाच फुंकरींत दोन गोष्टी सिद्ध झाल्या : माणूस मरत नाहीं आणि भडका उडत नाहीं. हाच पुढें फ्रीऑन या नांवानें प्रसिद्ध झाला. पेट्रोलमध्यें शिसें घालण्याची युक्तिहि याच मिजलीची होती, हें येथें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

मोटारींत हा गारवा आला तो १९३९ सालीं. पॅकार्ड कंपनीनें त्या वर्षीं शिकागोच्या प्रदर्शनांत थंड हवेची मोटार मांडली. शीतयंत्राचा मोठा भाग मागच्या आसनाच्या पाठीमागें, सामानाची जागा अडवून बसलेला होता. किंमत पावणेतीनशें डॉलरांच्या घरांत. सर्वांत मौजेची गोष्ट ही कीं, कॉम्प्रेसर बंद करण्याची सोयच नव्हती. इंजिन फिरे तोंवर तोहि फिरे. थंडी नकोशी झाली तर गाडी थांबवून, बॉनेट उघडून पट्टाच काढून ठेवावा लागे! ही योजना दोन-तीन वर्षांतच मागें पडली. १९५३ मध्यें क्रायस्लर आदि कंपन्यांनीं ती सुधारून पुन्हां आणली. पुढें विद्युच्चुंबकाचा क्लच येऊन कॉम्प्रेसर हवा तेव्हां जोडावा व हवा तेव्हां सोडावा अशी सोय झाली. १९७० च्या सुमारास अमेरिकेंत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकीं निम्म्यांहून अधिक मोटारींत हा गारवा पोंचला होता.

परंतु मोटारीच्या कॉम्प्रेसरांत एक जन्मजात उणीव राहिली. घरांतील फ्रीजचा कॉम्प्रेसर व त्याची मोटर एकाच बंद डब्यांत असतात. मोटारींतील कॉम्प्रेसर मात्र इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. म्हणून त्याचा आस बाहेर यावाच लागतो, आणि जेथें आस बाहेर येतो तेथें सील झिजतें. शिवाय इंजिन थरथरतें, म्हणून रबरी नळ्या घालाव्या लागतात, आणि रबरांतून वायु हळूहळू झिरपतो. गॅस कमी झाला कीं पुन्हां भरावा, अशी रीतच पडून गेली. वायु निरुपद्रवी आणि स्वस्त. मग गळतीचें मूळ कोण शोधणार?

हा निसटलेला वायु जातो कोठें, हा प्रश्न शेरवुड रोलंड व मारिओ मोलिना यांनीं १९७४ मध्यें विचारला. त्यांचें उत्तर भयंकर होतें. ज्या स्थिरपणामुळें हा वायु घरांत निर्धोक, त्याच स्थिरपणामुळें तो खालच्या वातावरणांत नष्ट होत नाहीं. अनेक वर्षांनीं उंच आकाशांत पोंचतो, सूर्याच्या प्रखर किरणांनीं तेथें फुटतो, आणि त्यांतील क्लोरीन ओझोनचें कवच खाऊं लागतो. उत्पादकांनीं ही केवळ कल्पना ठरविण्याची खटपट केली. परंतु १९८५ मध्यें जोसेफ फार्मन व त्यांचे दोन सहकारी यांनीं दक्षिण ध्रुवावरील ओझोन वसंत ऋतूंत कसा ओसरतो हें मोजमापांनिशीं दाखविलें. १९८७ च्या सप्टेंबरांत माँट्रिअल येथें करार झाला. प्रगत देशांनीं या वायूचें उत्पादन १९९६ पर्यंत थांबविलें. आपला देश १९९२ मध्यें करारांत सामील झाला, आणि विकसनशील देशांसाठीं २०१० ही सीमा ठरली. १९९५ मध्यें रोलंड, मोलिना व पॉल क्रुट्झेन यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

आतां पुन्हां आपल्या उघड्या बॉनेटपाशीं येऊं. फ्रीऑनच्या जागीं आलेला आर-१३४ए हा वायु जुन्या खनिज तेलांत मिसळत नाहीं. कॉम्प्रेसरला वंगण मिळतें तें वायूबरोबर फिरणाऱ्या तेलाचेंच. म्हणून केवळ नवा गॅस भरला तर तेल नळ्यांत पडून राहतें आणि नवा कॉम्प्रेसर कोरडा फिरून मरतो. यास्तव तेल बदलावें, रबरी कड्या व ड्रायर नवीं घालावीं. जुना कॉम्प्रेसर झिजून मोडला असेल तर धातूचा चुरा सर्वत्र पसरलेला असतो. तो धुऊन काढावा, आणि जो भाग धुऊनहि स्वच्छ होत नाहीं तो बदलावा. मग पंपानें आंतील हवा व दमटपणा खेंचून घ्यावा, गळती नाहीं याची खात्री करावी, आणि मगच गॅस भरावा. आणि सर्वांत आधीं, नळी सोडण्यापूर्वीं, उरलेला जुना फ्रीऑन यंत्रानें गोळा करून घ्यावा. फुस्सदिशीं हवेंत सोडूं नये.

येथें इतिहास संपला असें मात्र समजूं नये. नवा वायु ओझोनला धक्का लावीत नाहीं. पण पृथ्वी तापविण्याच्या कामीं तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक समर्थ आहे. म्हणून युरोपांत २०१७ पासून नव्या मोटारींत त्याला बंदी झाली, आणि २०१६ च्या किगाली येथील ठरावानें त्याच्या सर्वच जातीला ओहोटी लावण्याचें ठरलें. मिजलीनें विझविलेली मेणबत्ती खोटी नव्हती; त्याची परीक्षाच अपुरी होती. सभागृहांतील माणसांना अपाय नाहीं एवढेंच त्यानें पाहिलें; सभागृहाबाहेर, पन्नास वर्षांनंतर काय होईल हें पाहिलें नाहीं. मिस्त्रीनें जेव्हां विचारावें, "साहेब, गळती शोधूं, कीं नुसता गॅस भरून देऊं?" तेव्हां तीच परीक्षा आपल्यापुढें उभी असते. दोन तास अधिक लागतील, चार पैसे अधिक जातील. पण उत्तर देतांना आपण मिजलीहून एक गोष्ट अधिक जाणतों, आणि जाणूनहि दुर्लक्ष करण्याची सवलत आपणांस राहिलेली नाहीं.