मेजर हॉलेडर : क्रीडांगण व रणांगण

वॉटर्लूचा विजय ईटनच्या क्रीडांगणांवर मिळाला, असें वेलिंग्टन म्हणाल्याचा पुरावा नाहीं. तरी क्रीडासमारंभांच्या अध्यक्षांस तें वाक्य अद्याप सुटत नाहीं. डॉन हॉलेडरचें चरित्र पाहतांना मलाही त्याचा मोह झाला.

हॉलेडर हा अमेरिकेंतील वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाचा छात्र. तिकडील फुटबॉल आपल्याहून निराळा; त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवतात, फेंकतात, अंगाला अंग भिडवितात. रांगेच्या टोंकाला राहून चेंडू झेलण्यांत हॉलेडर इतका निष्णात कीं, १९५४ सालीं अखिल अमेरिकेंतील निवडक खेळाडूंत त्याची गणना झाली. पुढील वर्षीं संघांत चेंडू फेंकणारा, डाव चालविणारा ‘क्वार्टरबॅक’ उरला नाहीं, आणि प्रशिक्षक अर्ल ब्लेक यांनीं ती जागा हॉलेडरला घ्यावयास सांगितलें. अनोळखी काम पत्करणें म्हणजे हातीं आलेल्या कीर्तीवर पाणी सोडणें होतें. त्यानें तें सोडलें. मिशिगनविरुद्ध संघ २६-२ असा हरला, सिरॅक्यूज व येल यांनींही हरविलें, ब्लेक यांच्यावर टीकेची झोड उठली. त्यांनीं निवड बदलली नाहीं. हंगामाचा शेवटचा सामना नौदलाच्या विद्यालयाशीं होता. वेस्ट पॉइंटच्या छात्रांस इतर सामने हरलेले एक वेळ चालतील, हा नव्हे. तो त्यांनीं १४-६ असा जिंकला.

१९५६ सालीं हॉलेडर सैन्यांत अधिकारी झाला. पुढें कांहीं काळ त्यानें वेस्ट पॉइंटलाच खेळाडूंना शिकविलें, आणि १९६७ सालीं तो व्हिएतनामला गेला. १७ ऑक्टोबर रोजीं सायगांवच्या उत्तरेस, ओंग थान्ह ओढ्याजवळच्या जंगलांत एक अमेरिकन पलटण शत्रूच्या सापळ्यांत सांपडली. तिचा प्रमुख टेरी अॅलन याच्यासह ६४ जण पडले. ब्रिगेडच्या कारवायांची आंखणी हें मेजर हॉलेडरचें काम. तो हेलिकॉप्टरमधून खालीं उतरला, कांहीं शिपाई बरोबर घेतले आणि जखमींच्या दिशेनें धांवत निघाला. दडलेल्या शत्रूची गोळी लागून तो तेथेंच गेला. वय ३३; मागें पत्नी व चार मुली.

आंखणी करणाऱ्यानें आपली जागा सोडूं नये, हा आक्षेप मला खोटा म्हणवत नाहीं. पण खालीं हुकूम देणारेच बहुतेक मेलेले वा घायाळ झालेले असतां वर घिरट्या घालीत राहणें त्याला जमलें नाहीं, एवढें दिसतें. हें तो फुटबॉलपासून शिकला काय? मैदानावर पडलेले गडी उठून घरीं जातात. तेव्हां हा हिशेब मी जुळवीत नाहीं.

त्याला मिळालेलें शौर्यपदक २०१२ सालीं, म्हणजे ४५ वर्षांनीं, वरच्या श्रेणीचें करण्यांत आलें. वेस्ट पॉइंटला त्याच्या नांवाची क्रीडावास्तु आहे. तींत बास्केटबॉल व आइस हॉकी खेळतात, फुटबॉल मात्र नाहीं.