जुनी गाडी आणि मोडी अक्षर

शुद्धलेखनाचा अभिमान बाळगणाऱ्या माणसाने सकाळच्या चहाबरोबर जुन्या गाड्यांच्या छोट्या जाहिराती वाचू नयेत. चहा कडू लागतो. ‘मुळ मालक’, ‘सुस्थीतीत’, ‘दुरूस्तीचा खर्च नाही’, ‘किमंत समक्ष’! चार ओळींत चार खडे. त्यातही ‘दुरुस्ती’ हाच शब्द नादुरुस्त असावा, हे तर फारच झाले. असे कात्रण माझ्या हाती आले, की आता व्याख्यान होणार हे ओळखून घरची मंडळी आपापल्या कामाला लागतात.

पण वाचकहो, या चुकांची कुळी शोधू गेल्यास ती बरीच जुनी निघते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील मोडी कागद पाहा. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळीत नसत. लेखणी न उचलता भरभर लिहावयाचे, तेथे वेलांटी पहिली की दुसरी याचा विचार करायला कारकुनाला सवड कोठली? घोड्यांच्या खरेदीपासून फौजेच्या खर्चापर्यंत सारे हिशेब याच लिपीत झाले, आणि वेलांटीपायी कोणाचा घोडा अडून राहिला नाही.

पुढे इंग्रजी अमदानीत छापखाने आले. मोडीच्या जोडलेल्या अक्षरांपेक्षा बाळबोध अक्षरांचे सुटे खिळे पाडणे सोयीचे होते. 1831 साली मोल्सवर्थचा कोश निघाला, 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले, 1836 मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. शाळेत बाळबोध वळण आणि दुकानाच्या वहीत मोडी, असा संसार पुष्कळ वर्षे चालला. वेलांटी आणि उकार यांचा कडक हिशेब सामान्य माणसाच्या मागे लागला तो या काळात.

बरे, तो हिशेब तरी कायम राहिला काय? ‘गाडी विकणें आहे’ असे अनुस्वार देऊन लिहिणारा गृहस्थ 1961 साली शुद्ध लिहीत होता. 1962 मध्ये मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम राज्य सरकारने स्वीकारले, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, आणि तोच गृहस्थ बसल्या जागी अशुद्ध ठरला! 1972 मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. गाडी तीच, मालक तोच. टिंब मात्र उतरले.

शिवाय आजच्या चुकांनाही आपले तर्कशास्त्र आहे. आपण ‘मूळ’ दीर्घ लिहितो, पण ‘मुळात’ ऱ्हस्व. ‘फूल’ दीर्घ, पण ‘फुलाला’ ऱ्हस्व. ‘मुळ मालक’ लिहिणाऱ्याने विभक्तीच्या वेळचे रूप आधीच लावले, एवढेच. जोडाक्षराआधी उकार सहसा ऱ्हस्व, म्हणून ‘दुरुस्ती’. पण ‘रु’ आणि ‘रू’ या जुळ्या भावंडांत दुरून फरक ओळखणे चांगल्या डोळ्यांनाही जड जाते.

मग सारेच माफ करावे काय? नाही. शब्दागणिक पैसे मोजावे लागले, की जाहिरातदार शब्द कापतो, आणि कापताना कधी अर्थही कापला जातो. ‘चार चाके नवी’ आणि ‘चारचाकी नवी’ यांत एका मात्रेचा फरक, पण खिशाला किती रुपयांचा! ‘डॉक्टरांनी वापरलेली जुनी गाडी’ हे ठीक. ‘जुन्या डॉक्टरांनी वापरलेली गाडी’ म्हटले की गिऱ्हाईक गाडीऐवजी डॉक्टरांच्या प्रकृतीची चौकशी करील. परवान्यांच्या त्या टंचाईच्या काळात नव्या स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे आणि जुनीला नवीहून अधिक भाव येई. तेव्हा गावोगावच्या माणसाला वाहन पाहण्याआधी या दोन ओळींवरच प्रवासखर्च करावा लागे. तेथे अर्थ चुकणे म्हणजे परक्याचा पैसा आणि दिवस वाया घालविणे.

आमच्या भागातील एका गॅरेजवाल्याला मी विचारले, “जाहिरात इंग्रजीत का दिलीस रे?” तो ओशाळून म्हणाला, “काका, मराठीत चुकलं की लोक हसतात. इंग्रजीत चुकलं तर कुणाला कळत नाही.” त्या दिवशी माझे व्याख्यान घशातच राहिले. ज्याला इंजिनाच्या आवाजावरून आजार कळतो, त्याने दोन वेलांट्यांच्या भीतीने आपली भाषा सोडावी, हा तोटा ‘मुळ मालक’पेक्षा कितीतरी मोठा आहे.

तेव्हा अर्थ बिघडविणारी चूक जरूर दाखवावी, स्पष्ट दाखवावी. वेलांटी चुकली असेल, तर शेजारी बसून हलक्या हाताने सुधारून द्यावी. माझ्या हस्ते त्या गॅरेजवाल्याची पुढची जाहिरात मराठीत गेली. ‘मूळ मालक’ अगदी दीर्घ छापून आला. गाडी कितीला गेली ते त्याने सांगितले नाही. पण दिवाळीला चिवड्याचा डबा मात्र घरी आला.