वाट सोपी करणारी माणसं

डोंगरातली वाट आपोआप सोपी होत नाही. ती कुणीतरी सोपी केलेली असते, आणि कधी कधी कुणीतरी ती मुद्दाम मोडलेलीही असते. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, या दोन्ही गोष्टींचा पुरावा दगडात दिसतो. तरीही कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड यांच्याविषयी लिहिताना आपण उंची देतो, राजवटी देतो आणि थांबतो. सकाळी चढून संध्याकाळी खाली उतरता यावं म्हणून ज्यांनी पिढ्यान् पिढ्या या वाटा राखल्या, त्यांचा इतिहास मात्र राहून जातो. तोच मला इथे मांडायचा आहे.

मी नगर शहरातल्या सावेडीत राहते आणि शाळेत भूगोल शिकवत आले. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी आमच्या बोलण्यात ते नगरच आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटरवर वसलेलं. वर्षाचा पाऊस पाचशे-सहाशे मिलिमीटर, म्हणजे बेताचाच. इथल्या मुलांना डोंगर दाखवायचा तर पहिला मान शाह डोंगराचा. त्यावरच्या अष्टकोनी इमारतीला सगळे चांदबीबी महाल म्हणतात, पण ती कबर आहे मुर्तझा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची, सोळाव्या शतकाच्या अखेरीची. श्रावणात मांजरसुंब्याजवळचा गोरक्षनाथ गड. एवढ्यावर पाय तयार झाले की तारकपूर बसस्थानकावरून संगमनेरमार्गे अकोले आणि पुढे राजूर. राजूरला पेढे घ्यायचे आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या बारीकडे निघायचं. राजूर मागे पडलं की वर्गात सांगूनही मुलांना न पटलेली गोष्ट समोर येते: घाटघर-रतनवाडीच्या पट्ट्यात पाऊस काही वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या घरात जातो. एकाच जिल्ह्यात बाजरीचं रान आणि भाताची खाचरं!

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. महाराष्ट्रात याहून उंच शिखर नाही. साल्हेर आणि महाबळेश्वर दोन्ही तिच्या खाली. बारी गावातून सुमारे आठशे मीटर चढायचे असतात, आणि पायाला थोडी सवय असलेला माणूस ते एका दिवसात जाऊन-येऊन करतो. हे शक्य का होतं, याचं अर्धं उत्तर खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले आणि त्यांचा हा डोंगर झाला. मऊ थर झिजून उतार आणि सपाट्या तयार झाल्या. त्यांवर भात, नाचणी, वरई पिकते आणि गुरं चरतात. कठीण थर उभे कडे होऊन राहिले. म्हणून चढण टप्प्याटप्प्यांची आहे: थोडी दमछाक, मग सपाटी, पुन्हा चढ. लोखंडी शिड्या लागतात त्या नेमक्या कठीण थरांपाशी. मुलांना मी शिडीच्या पायाशी थांबवते आणि खडकाला हात लावून बघायला सांगते. पुस्तकातला ‘बेसाल्टचा थर’ तिथे हाताला लागतो.

उरलेलं अर्धं उत्तर माणसांचं आहे.

१८८४ साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये कळसूची कथा आहे, आणि बारीत ती आजही सांगतात. कळसू ही कोळ्यांची मुलगी, रानात हिंडण्याची आवड असलेली. डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावात ती एका घरी कामाला राहिली. राहताना तिने अट घातली होती की भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही. बरेच दिवस सगळं नीट चाललं. एक दिवस घरातल्या कुणीतरी तिला तेच काम सांगितलं. तिने ते केलं, आणि लगेच डोंगर चढून वर गेली ती शेवटपर्यंत खाली आली नाही. जिथे तिने भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर टाकला ती काळदरा.

राज्यातल्या सर्वांत उंच जागी कुणा राजाचं नाव नाही, मोठ्या देवाचंही नाही. तिथे आहे दिलेला शब्द मोडला म्हणून काम सोडून निघालेली एक कष्टकरी मुलगी. ज्यांनी ही कथा जपली त्यांना कामाची आणि कामाच्या मानाची किंमत पुरेपूर कळत होती, असं मला वाटतं. आमच्या सावेडीत घराघरांत धुण्याभांड्याला बायका येतात. त्यांच्यापैकी काहींना मी ही कथा सांगितली, तेव्हा कुणालाही तिचा अर्थ समजावून द्यावा लागला नाही.

कळसूबाईची वाट प्रथम तिच्या भक्तांनी मळवली. नवरात्रात इथे यात्रा भरते. नऊवारी नेसलेल्या, अनवाणी बायका डोक्यावर पूजेचं सामान घेऊन चढतात, सोबत लेकरं आणि म्हातारी माणसं. शिड्या नव्हत्या तेव्हा लोक साखळी धरून आणि खडकातल्या खोबणीत पाय रोवून कडा चढत. आपण ज्याला ट्रेक म्हणतो तो या लोकांचा वार्षिक परिपाठ आहे. बारीतल्या एका आजींबरोबर मी थोडं अंतर चालले. मी जवळची म्हणून सरळ वर जाणारी एक घसरण धरणार होते. त्या म्हणाल्या, “बाई, तिकडं नका जाऊ. पावसाचं पाणी तिथनंच येतं, वाट वाहून जाईल. ही वळणाची धरा.” भूक्षरणाचा धडा मी अनेकदा शिकवला होता, पण वाट वळणं का घेते आणि ती वळणं कोण राखतं, हे त्या दोन वाक्यांत मला जास्त स्पष्ट झालं.

हरिश्चंद्रगडाचा इतिहास याहून जुना आहे. गडावरचं हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, पाण्यात उभं असलेलं केदारेश्वराचं भलंमोठं लिंग, शिलालेखांतून येणारं चांगदेवांचं नाव आणि त्यांनी इथे रचलेला ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ, एवढं सगळं वर उभं राहिलं ते वर्दळीची वाट असल्याशिवाय नाही. कारागीर, त्यांचं धान्य, छिन्नीला धार लावणारा लोहार, सगळे हाच डोंगर चढले असणार. आज पाचनईकडून येणारी वाट सर्वांत सोपी मानतात. खिरेश्वरहून तोलार खिंडीची वाट लांबची.

या गडाबद्दलची एक नोंद मला फार महत्त्वाची वाटते. कर्नल साईक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी १८२० च्या दशकात दख्खनभर फिरत होता. गडाच्या कोकणकड्यावर त्याने धुक्यात पूर्ण गोल इंद्रधनुष्य पाहिलं, जे आज आपण इंद्रवज्र म्हणून ओळखतो, आणि १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचं वर्णन छापलं. त्या गोलाच्या मध्यभागी त्याची स्वतःची सावली होती, त्याच्या घोड्याची होती आणि बरोबरच्या माणसांची होती. इंद्रवज्राची गोष्ट सगळे सांगतात. मी घोड्यापाशी थांबते. घोडा कड्याच्या टोकापर्यंत पोचला म्हणजे वाट घोड्याजोगी होती आणि त्याला नेणारी माणसं वाकबगार होती. साईक्सचं नाव विज्ञानाच्या इतिहासात राहिलं. त्या माणसांच्या सावल्या नोंदल्या गेल्या, नावं नाहीत.

वाट मोडण्याचा इतिहासही इथेच आहे. कळसूबाईच्याच रांगेत पश्चिमेला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले उभे आहेत. १८१८ साली पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कितीतरी किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंग लावून उडवल्या, गड पुन्हा कुणाच्या आश्रयाला येऊ नयेत म्हणून. अलंग आणि मदनवर आज दोर लावून चढावं लागतं ते या तुटलेल्या पायऱ्यांमुळे. जिथे एके काळी शिबंदी धान्याची पोती घेऊन जात होती, तिथे आता गिर्यारोहणाचं तंत्र लागतं. म्हणून या किल्ल्यांची ‘अवघड’ ही श्रेणी निसर्गाने दिलेली नाही, ती एका सत्तेने दिलेली आहे.

पण पायऱ्या उडवून डोंगर ताब्यात आला नाही. देवगावचे राघोजी भांगरे आणि त्यांचे महादेव कोळी साथीदार याच रानात इंग्रजांशी लढले. मोठ्या वाटा बंद झाल्या तरी गुराख्यांच्या आणि हिरडा गोळा करणाऱ्यांच्या पाऊलवाटा फौजेला माहीत नव्हत्या. अखेर राघोजी पकडले गेले ते या डोंगरात नव्हे, पंढरपुरात. आणि २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. स्थानिक माणसाचं वाटांचं ज्ञान हे केवढं सामर्थ्य होतं, हे समजायला याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही.

विसाव्या शतकात या मुलखाचा नकाशाच बदलला. १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं. गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि धरणाला त्यांचंच नाव मिळालं. प्रवरेचं पाणी कालव्यांनी खाली गेलं. श्रीरामपूर-राहुरीकडच्या उसाचं मूळ इथे आहे. जलाशयामुळे रतनवाडीला लाँचने जाता येऊ लागलं, आणि अमृतेश्वराचं कोरीव देऊळ पाहून रतनगडाचं नेढं गाठून परतणं शहरी माणसाच्या आवाक्यात आलं. गो. नी. दांडेकरांनी मराठी वाचकाला गडांची ओढ लावली; हरीश कपाडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ १९७७ साली आलं आणि वाटांची पद्धतशीर माहिती छापील रूपात हाती पडली. १९८६ साली सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. आता मे-जूनमध्ये काजवे बघायला गाड्यांची रांग लागते.

ही गर्दी मला परकी वाटत नाही. माणसांनी डोंगरात यावं, मुलांना आणावं, असंच मला मनापासून वाटतं. दुःख आहे ते वेगळंच. साम्रदहून करोली घाटाने डेहण्याला किंवा घाटघरहून चोंढ्याला उतरणाऱ्या ज्या वाटांनी इथली माणसं डोक्यावर ओझं घेऊन बाजाराला, सोयरिकीला कोकणात जात आली, त्या आज ‘शोधलेल्या वाटा’ म्हणून सांगितल्या जातात. शोध लावणारा पुण्या-मुंबईचा ठरतो आणि पुढे चालून वाट दाखवणारा ‘एक स्थानिक’ ठरतो. साईक्सच्या वेळी झालं तेच आपण पुन्हा करतो आहोत, आणि आपल्याला तर इंग्रज असण्याची सबबही नाही.

याला उपाय आहे आणि तो आपल्या हातातला आहे. वाटाड्या घ्यावा आणि ठरलेले पैसे घासाघीस न करता द्यावेत. जेवण बारी, पाचनई, रतनवाडीतल्या घरी घ्यावं. वळणं तोडू नयेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, प्रवासाची नोंद लिहिताना वाट दाखवणाऱ्याला विचारून त्याचं नाव लिहावं. शाळांनीही हे करावं. अकोले तालुक्यातल्या आश्रमशाळांतल्या मुलांना आपल्या आजी-आजोबांकडून वाटांची, खिंडींची, पाणवठ्यांची नावं लिहून आणायला सांगितली, तर दोन-तीन वर्षांत असा दस्तऐवज उभा राहील जो कुठल्याही गॅझेटिअरमध्ये नाही. आमच्या नगरच्या शाळांनी सहलीला जाताना त्याच वह्या वाचून जावं. थाळेमेळ आणि काळदरा ही नावं टिकली ती सांगणाऱ्यांनी सांगितली आणि कुणीतरी लिहून घेतली म्हणून. बाकीची शेकडो नावं अजून बोलणाऱ्यांच्या तोंडी आहेत, आणि ती माणसं थकत चालली आहेत. हे काम याच पिढीत व्हायला हवं.