प्रस्तावना : शिपोलजवळचा एक हिवताप

हिवतापाच्या परजीवीचा जीनोम शिकायला येणाऱ्यांना मी आधी एका रुग्णाची गोष्ट सांगतो, यंत्रांची नंतर. नेदरलँड्समधल्या शिपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका व्यक्तीला हिवताप झाला. बहुधा विमानातून आलेला डास तिला चावला होता. तिच्या रक्तातले परजीवी प्रयोगशाळेत वाढवले गेले आणि त्यांना एनएफ५४ हे नाव मिळाले. पुढे एडिंबरोत त्यांतला एकच परजीवी वेगळा काढून त्याचा वंश जोपासला, तो ३डी७. प्लाझमोडियम फाल्सिपेरमचा जीनोम म्हणून जगभर ज्याचा आधार घेतात, तो या एका वंशाचा. हे मनात धरून या विषयात यावे, एवढीच माझी पहिली विनंती.

१९९६ साली हा जीनोम वाचण्याचे काम सुरू झाले, तेव्हा ब्रिटनमधल्या सँगर केंद्राने, अमेरिकेतल्या टायगर संस्थेने आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाने परजीवीची १४ गुणसूत्रे आपसांत वाटून घेतली. लवकरच कळले की हा जीनोम आकाराने लहान असला तरी स्वभावाने फार अवघड आहे. डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांपैकी ए आणि टी हीच इथे शेकडा ८० भरतात. जनुकांच्या मधल्या पट्ट्यांत तर ९०च्या आसपास. वाचण्याची रीत अशी होती की डीएनएचे बारीक तुकडे करायचे, ते ई. कोलाय जिवाणूत वाढवायचे, वाचायचे आणि एकमेकांवर येणाऱ्या कडा जुळवून पुन्हा सांधायचे. पण ए-टीने भरलेले मोठे तुकडे जिवाणूत टिकत नसत, आणि लहान तुकडे एकमेकांसारखेच दिसत. काठ नसलेल्या पांढऱ्या धोतराच्या चिंध्या जुळवण्यासारखे ते काम होते. म्हणून आधी विद्युत्क्षेत्राने जेलवर एकेक गुणसूत्र वेगळे काढायचे आणि मगच त्याचे तुकडे करायचे, असे ठरले. त्यातही ६, ७ आणि ८ ही गुणसूत्रे वेगळी होईनात. ती एकत्रच घ्यावी लागली. या चिकाटीबद्दल मला आजही आदर वाटतो. दुसरे गुणसूत्र १९९८ साली हाती आले, संपूर्ण जीनोम ऑक्टोबर २००२मध्ये. त्याच आठवड्यात आफ्रिकेतल्या ॲनॉफिलिस गॅम्बिए डासाचाही जीनोम प्रसिद्ध झाला.

सुमारे २ कोटी ३० लाख अक्षरे, ५,३००च्या आसपास जनुके. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जनुकांचे काम काय, हे तेव्हा सांगता येत नव्हते.

जी ओळखू आली, त्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतात ती व्हार जनुके. अशी साठेक जनुके बहुतांशी गुणसूत्रांच्या टोकांशी बसलेली असतात. त्यांच्यापासून बनणारे प्रथिन तांबड्या रक्तपेशीच्या पृष्ठभागावर येते आणि ती पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटते. मेंदूच्या हिवतापात हेच घडते. एका वेळी साठांतले एकच जनुक चालू असते. शरीराने ते प्रथिन ओळखेपर्यंत काही परजीवींनी दुसरे जनुक चालू केलेले असते. आणि ३डी७च्या साठ जनुकांचा हा संच दुसऱ्या गावच्या परजीवीत तसाच सापडत नाही.

इथे त्या एका वंशाचे मोल आणि त्याची मर्यादा एकदमच दिसते. गडचिरोलीत आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन जी झटपट चाचणी करतात, ती फाल्सिपेरम ओळखते ते एचआरपी२ या प्रथिनावरून. त्याचे जनुक ३डी७मध्ये आठव्या गुणसूत्रावर आहे. पण पेरूच्या ॲमेझॉन खोऱ्यातल्या काही परजीवींत ते नाहीच, हे २०१० साली उघड झाले. अशा रुग्णाला हिवताप असूनही चाचणीच्या पट्टीवर फाल्सिपेरमची रेघ उमटत नाही.

लशींचेही तसेच आहे. त्यांचा आधार असलेल्या प्रथिनाचे जनुक जीनोमच्या कितीतरी आधी, १९८४ साली सापडले होते. पण आरटीएस,एस लशीत घेतलेला त्याचा पाठ शिपोलजवळच्या त्याच वंशाचा आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली शिफारस केलेल्या आर२१ लशीतही तोच. आफ्रिकेतल्या लहान मुलांमध्ये आरटीएस,एसचा प्रभाव तपासला, तेव्हा परजीवीचा पाठ लशीशी जुळला तर संरक्षण अधिक मिळते, असे दिसले. म्हणून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात रुग्णांच्या रक्तातले परजीवी जमवून अभ्यासले गेले, त्या कामाला मी ३डी७च्या वाचनाइतकेच महत्त्व देतो. आपल्याकडचा दुसरा मोठा परजीवी, व्हायव्हॅक्स, याचा जीनोम २००८ साली आला, तोही एल साल्वादोरमधल्या एका वंशाचा.

या विषयात यायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. प्लाझमोडीबी हा माहितीसंग्रह सुरुवातीला पुरतो. तो उघडा, ३डी७चे कोणतेही एक गुणसूत्र निवडा आणि एका टोकापासून जनुकांची नावे वाचत चला. ‘कार्य अज्ञात’ अशी नोंद लवकरच भेटेल. तिथे थांबा, आणि तेच जनुक इतर वंशांत कसे लिहिलेले आहे ते शेजारी ठेवून पाहा.